तारेची कात्री

दूध घालणारा एक माणूस सायकलच्या दुकानात आला. कॅरिअरला दोन किटल्या लटकलेल्या. सायकल भिंतीला टेकवून तो म्हणाला, "मिस्त्री, आठ दिवसांपूर्वीच बाजारात ब्रेकला नवी वायर टाकून घेतली. पण ब्रेक काही धरत नाही. उतारावर पाय घासत उतरावं लागतं. वायर खोटी दिसते."

मिस्त्रीने ब्रेकची मूठ दाबून पाहिली. मूठ पार हँडलला जाऊन टेकली. सोडली तर अर्ध्यावरच अडकली. मग त्याने वायर सोडवली, बाहेरची नळी काढली नि नळीचे तोंड दूधवाल्यापुढे धरले. तोंड गोल नव्हते. चेपून चपटे झाले होते. लोखंडाचे एक टोक नखासारखे आत वळले होते. वायरचे टोक तर चावलेल्या दातणासारखे पिंजारले होते.

"वायर खोटी नाही, दादा. कापणी खोटी आहे," मिस्त्री म्हणाला. "ही पकडीनं कापलीय."

वायर नवी, नळी नवी, पैसे गेले, नि उतारावर पाय घासायचा तो घासायचाच. हे कसे झाले? आणि वायर कापायला हत्यार कोणते घ्यावे? आज तेच पाहू.

सगळ्याच सायकलींच्या ब्रेकला वायर नसते. जुन्या पद्धतीची काळी, उंच सायकल आठवा. तिच्या ब्रेकला लोखंडी सळ्या असतात. वायरचा प्रश्नच नाही. पण मुलांच्या सायकली, मुलींच्या शाळेच्या सायकली, गिअरच्या सायकली, यांचे ब्रेक बहुधा वायरचेच असतात. गिअरही वायरनेच बदलतो. घरात अशी सायकल असेल तर हे तुमच्या कामाचे आहे. सायकल दुरुस्तीचा धंदा करायचा असेल तर जास्तच कामाचे.

वायरचे दोन भाग असतात. आतली तार आणि बाहेरची नळी. या नळीला दुकानात आउटर म्हणतात. ही जोडी १८९६ सालापासूनची आहे. त्या साली इंग्लंडमध्ये बाउडन नावाच्या माणसाने तिचे पेटंट घेतले. त्याच्या नावावरून तिला आजही बाउडन केबल म्हणतात. सायकलचा ब्रेक, मोटरसायकलचा क्लच, सगळीकडे तीच युक्ती आहे.

युक्ती कोणती? पायजम्याची नाडी आठवा. नाडी नेफ्यातून जाते. नाडी ओढली की नेफा चुणतो, गोळा होतो. आता समजा, नेफा कापडाचा नसता, ताठ असता, चुणलाच नसता, तर काय झाले असते? नाडीचे एक टोक तुम्ही जेवढे ओढाल तेवढेच दुसरे टोक सरकले असते. ब्रेकची तार म्हणजे नाडी. आउटर म्हणजे न चुणणारा नेफा. तार ताण घेते, आउटर दाब सोसते. दोन्ही नीट असतील तरच मुठीचा जोर चाकापर्यंत पोचतो.

आउटरचे टोक वाकडेतिकडे कापले तर ते आपल्या जागी सपाट बसत नाही. मूठ दाबली की आधी ते वाकडे तोंड दबते, सरकते. तेवढी मूठ फुकट जाते. चाकाला ब्रेक लागायच्या आधीच मूठ हँडलला भिडते. शिवाय नळीच्या तोंडात लोखंडाचे नख राहिले असेल तर ते तारेला रोज थोडे थोडे घासते. तार तिथेच झिजते. एक दिवस पटकन तुटते. ती तुटते कधी? ब्रेक जोरात दाबल्यावर. म्हणजे ब्रेकची खरी गरज असते तेव्हाच.

आता पकडीने काय बिघडते ते पाहू.

ब्रेकची तार ही एक सलग तार नसते. दोरीला जसे पेड असतात तशा बारीक तारांना पीळ घालून ती केलेली असते. बहुतेक तारांत १९ बारीक तारा असतात. एवढ्या तारा मिळून जाडी किती? ब्रेकची तार साधारण दीड मिलिमीटर. गिअरची त्याहून बारीक, साधारण १.२ मिलिमीटर. या तारा पोलादाच्या असतात. कडक असतात, नि पीळ सुटला की उसळून बाजूला होतात.

पकडीला तार कापायची धार असते. पण ती धार दोन बाजूंनी समोरासमोर येते आणि तारेला चिमटते. चिमटल्यावर तार आधी चपटी होते. बारीक तारा डावी-उजवीकडे पसरतात. काही तुटतात, काही नुसत्या वाकतात. मग आपण पकड फिरवतो, पुन्हा दाबतो, मुरगळतो. शेवटी तार तुटते खरी, पण टोकाचा कुंचा होतो. सुईत दोरा ओवताना दोऱ्याचे टोक पिंजारले तर काय होते ते घरातल्या बायकांना विचारा. दोऱ्याला थुंकी लावून टोक वळता येते. पोलादाच्या तारेला थुंकी लावून काही होत नाही. मी एकदा असे पिंजारलेले टोक बोटांनी वळायला गेलो. एक बारीक तार नखाखाली शिरली. तिची आठवण चार दिवस राहिली.

म्हणून तार कापायला वेगळे हत्यार असते. दुकानात त्याला केबल कटर म्हणतात. आपण त्याला तारेची कात्री म्हणू, कारण त्याचे काम कात्रीसारखेच आहे. त्याची दोन पाती एकमेकांवर आपटत नाहीत. ती एकमेकांच्या अंगाला घासून पुढे जातात. सुपारीचा अडकित्ता पाहा. नाहीतर नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागेतली छाटणीची कात्री पाहा. फांदी चेचत नाही, कापते. तसेच हे.

पण एवढ्याने भागत नाही. साध्या सरळ पात्यांच्या कात्रीत तार धरली तर ती पुढे निसटते आणि चपटी होते. म्हणून चांगल्या तारेच्या कात्रीची पाती आतून बाकदार असतात. विळ्याने गवत कापताना काय होते? विळ्याच्या पोटात गवताची मूठ सापडते, बाजूला पळत नाही. इथे दोन विळे समोरासमोर आहेत असे समजा. मधे जे गोल घर होते त्यात तार बसते. चारी बाजूंनी ती आवळली जाते आणि आवळलेली असतानाच कापली जाते. पसरायला तिला जागाच नसते. तोंड गोलचे गोल राहते.

या हत्याराचे सारे मर्म या बाकात आहे. दुकानात गेलात की आधी जबडा उघडून तो बाक पाहा. बाक नसेल, पाती सरळ असतील, तर ते हत्यार खाली ठेवा. मुठीला लाल रबर आहे की काळे, डबी किती छान आहे, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

बाकानंतर खीळ पाहायची. दोन पाती ज्या खिळीवर फिरतात ती खीळ. दोन्ही मुठी हातात धरून आडव्या हलवा. जबडा डुगडुगतो का? डुगडुगत असेल तर पात्यांमध्ये फट पडेल. त्या फटीत बारीक तार कापण्याऐवजी दुमडून बसेल. जबडा मिटून उजेडासमोर धरा. पाती एकमेकांना जिथे घासतात तिथून उजेड दिसता कामा नये. खीळ रिबेट मारून कायमची ठोकलेली असेल तर ती सैल झाल्यावर इलाज अवघड. नट-बोल्टाची असेल तर पाना लावून पुन्हा घट्ट करता येते. दोन्ही मिळत असतील तर नट-बोल्टाची घ्यावी, चार पैसे जास्त पडले तरी.

मुठी लांब असाव्यात. हत्यार एकूण १८ ते २० सेंटिमीटर, म्हणजे साधारण वीतभर असले की हाताला जोर मिळतो. सुपारी अडकित्त्याच्या टोकाला धरून कोणी फोडत नाही. खिळीजवळ सरकवतो, तिथे जोर जास्त लागू होतो. तारही तशीच जबड्यात खोल, खिळीच्या जवळ धरायची. मुठी उघडायला स्प्रिंग आणि मिटून ठेवायला कडी असली की काम सोपे होते. काही कात्र्यांना खिळीच्या मागे एक छोटी खाच असते. तारेच्या टोकाला बसवायची टोपी या खाचेत दाबून चेपता येते. ती असली तर बरे, नसली तर अडत नाही. टोपी पकडीनेही चेपता येते. पकडीला आपण अगदीच टाकाऊ ठरवलेले नाही.

आता एक फसगत सांगतो. विजेच्या सामानाच्या दुकानात अशाच बाकदार जबड्याची कात्री मिळते. दिसायला डौलदार, किमतीला बरी. पण ती तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या तारेसाठी असते. तांबे मऊ. पोलाद कडक. तिने ब्रेकची तार कापली की धारेला खाच पडते. दुसऱ्यांदा त्या खाचेत तार अडकते आणि पुन्हा तेच दातण होते. म्हणून दुकानदाराला स्पष्ट विचारा, "पोलादी तारेच्या दोरासाठी आहे का?" तो "सगळं कापतं" म्हणाला तर सावध व्हा. ज्या कात्रीने काय कापायचे नि किती जाडीचे कापायचे ते तिच्यावर किंवा डबीवर लिहिलेले असते, ती बरी. तुम्हाला आता वाचता येते. डबी फिरवून ते वाचा. कधी लिहिण्याऐवजी चित्र असते. पोलादी तारेवर फुली मारली असेल तर आपल्या कामाची नाही.

विकत घेण्याआधी परीक्षा घेता येते. घरून निघतानाच ब्रेकच्या जुन्या तारेचा वीतभर तुकडा आणि आउटरचा एक तुकडा खिशात टाकून न्या. दुकानदाराला म्हणा, "एकदा कापून बघतो." तार एका दाबात कापली गेली पाहिजे. पुन्हा पुन्हा मुरगळावे लागले तर नको. कापलेले टोक बोटावर फिरवा. मोकळी तार टोचता कामा नये. मग तेच टोक आउटरमध्ये घाला. सुळकन गेले तर कापणी साफ. शेवटी तारेतली एकच बारीक तार सुटी करा आणि ती कापा. ही खरी परीक्षा. जाड तार सैल कात्रीही कशीबशी कापते. पण केसासारखी बारीक तार सैल पात्यांमध्ये दुमडून बसते. ती साफ कापली गेली तर कात्री घ्यावी.

दुकानदार कापून पाहू देत नाही? मग दुसरे दुकान पाहावे.

जपानची शिमानो, अमेरिकेची पार्क टूल, या सायकलच्या सामानातल्या नावाजलेल्या कंपन्या अशा कात्र्या करतात. स्वित्झर्लंडची फेल्कोही करते. ही १९४५ सालची कंपनी मूळची फांद्या छाटायच्या कात्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. बागेतली कात्री आणि तारेची कात्री एकाच घराण्यातल्या कशा, ते यावरून दिसते. या कात्र्या महाग पडतात. ज्याला रोज दहा सायकली हाताखालून काढायच्या आहेत त्याला त्या परवडतील. ज्याच्या घरी एकच सायकल आहे, वर्षा-दोन वर्षांनी तार बदलायची आहे, त्याने कात्री विकत घेण्याची मुळीच गरज नाही. ज्या मिस्त्रीकडे ती आहे त्याच्याकडे जावे. फक्त तार कापताना समोर उभे राहून तो काय हातात घेतो ते पाहावे. माझे मत विचाराल तर गावातल्या चार-पाच घरांनी मिळून एक चांगली कात्री घ्यावी. प्रत्येकाने एकेक स्वस्त घेण्यापेक्षा ते शहाणपणाचे.

कात्री घेतली, आता वापरायची कशी?

आतली तार शेवटी कापायची, आधी नाही. तार ओवावी, ब्रेकला बोल्टाने आवळावी, ब्रेक नीट लागतो का पाहावे, मग उरलेली तार कापावी. बोल्टाच्या पुढे चार-पाच सेंटिमीटर तार ठेवावी. पुढे ब्रेक पुन्हा ताणायचा झाला तर ती धरायला लागते. कापल्याबरोबर टोकाला टोपी घालून चेपावी. टोपी नसलेली तार हळूहळू उसवते. पोटरीला ओरखडे काढते, साडी नि ओढणी फाडते. लहान पोर सायकलशेजारी खेळत असेल तर त्याच्या बोटात शिरते.

आउटर कापणे जास्त नाजूक. ब्रेकच्या आउटरमध्ये पोलादाची चपटी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. आत प्लॅस्टिकची नळी, वर प्लॅस्टिकचे आवरण. आधी जुन्या तारेचा एक तुकडा आत सरकवून ठेवा. मग नळी चेपत नाही. कात्रीचा जबडा हलकेच मिटा. पाती वेढ्यांच्या मधली फट आपोआप शोधतात. ती सापडली की एकदम दाबा. आत घातलेला तुकडाही कापला जाईल, तो ओढून टाका. आता तोंड पाहा. पट्टीचे टोक नखासारखे उरलेच असेल तर कानशीने घासून तोंड सपाट करा. आतली प्लॅस्टिकची नळी मिटली असेल तर दाभणाच्या टोकाने ती गोल उघडा. दाभण हलक्या हाताने फिरवा. खुपसलेत तर नळी फाटेल. मग टोकाला टोपण घाला आणि जागेवर बसवा.

इथे जीवावरची एक गोष्ट आहे. ती नीट वाचा. गिअरचे आउटर आणि ब्रेकचे आउटर वेगळे असते. वरून दोन्ही सारखेच दिसते. गिअरचे किंचित बारीक असते, एवढेच. कापून तोंड पाहिले की फरक कळतो. ब्रेकच्या आउटरला वेढा असतो. गिअरच्या आउटरमध्ये बहुधा बारीक तारा उभ्या लावलेल्या असतात, खराट्याच्या काड्या एकत्र बांधाव्यात तशा. गिअरला जोर थोडा लागतो, त्याला हे चालते. पण ब्रेकला जोर फार लागतो. उभ्या तारांना बाहेरून आवळून धरायला नुसते प्लॅस्टिक असते. ब्रेक कचकन दाबला की ते प्लॅस्टिक फाटते, तारा बाहेर पडतात आणि ब्रेक जातो. म्हणून गिअरचे आउटर ब्रेकला कधीही लावायचे नाही. दुकानात ब्रेकचे संपले आहे, आजचा दिवस चालवून घ्या, असे कोणी म्हटले तरी नाही. त्या दिवशी सायकल हातात धरून चालत घरी या.

गिअरचे हे आउटर पकडीने तर अजिबात कापू नये. उभ्या तारा आत-बाहेर सरकतात आणि तोंड कधीच सपाट होत नाही. मग गिअर टाकावा एक नि पडावा दुसराच.

आणि कात्री मिळालीच नाही तर? गावात कोणाकडेच नसली तर? जुने मिस्त्री छिन्नीने तार कापत. तीही रीत वाईट नाही. कापायच्या जागी तारेला चिकटपट्टी घट्ट गुंडाळावी. तार ऐरणीवर किंवा लोखंडाच्या जाड ठोकळ्यावर ठेवावी. धार लावलेली छिन्नी उभी धरून हातोड्याचा एकच ठोका मारावा. दोन-तीन हलके ठोके मारले की तारा पसरतात. डोळे सांभाळावेत, तुकडा उडतो. आतली तार अशी बरी कापली जाते. आउटर मात्र छिन्नीने चेपते. त्याला कानस आणि दाभण घेऊन बराच वेळ बसावे लागते. वेळ असेल तर बसावे.

नवी तार बसवली की लगेच सायकलवर टांग टाकू नये. उभ्यानेच ब्रेकची मूठ दहा-बारा वेळा पूर्ण जोराने दाबावी. आउटरची तोंडे जागेवर बसतात, तार थोडी ढिली पडते. मग ती पुन्हा ताणावी आणि बोल्ट आवळावा. नंतर सपाट रस्त्यावर हळू चालवून पाहावे. उतारावर जायचे ते त्यानंतर. तारेच्या वरच्या टोकाला शिशासारखी गोळी असते, ती मुठीच्या खोबणीत बसते. तिच्याजवळची एक जरी बारीक तार तुटलेली दिसली तर सगळी तार बदलावी. उरलेल्या अठरा तारांवर किती दिवस काढता येतील याचा हिशेब करत बसू नये.

त्या दूधवाल्याची सायकल मिस्त्रीने अर्ध्या तासात तयार केली. तार आखूड कापलेली होती, ती बदलावी लागली. आउटर लांब होते. त्याची दोन्ही तोंडे दोन-दोन बोटे कापून कानशीने घासली आणि तेच पुन्हा बसवले. दूधवाल्याने मूठ दाबली. ती अर्ध्यावर घट्ट थांबली. सोडली, तर टपकन परत आली.

"तुमची ती कात्री देता का एक दिवस?" त्याने विचारले. "घरी कुंपणाची तार कापायची आहे."

मिस्त्री हसला. त्याची कात्री दोरीने टेबलाच्या पायाला बांधलेली होती. कुंपणाची जाड तार, सायकलचे आरे, खिळे, यांतले काहीही तिने कापले तर धारेला खाच पडते. आणि मागून नेणारा माणूस नेमके तेच कापायला नेतो. मिस्त्रीने खिळीवर तेलाचा एक थेंब सोडला, फडक्याने पाती पुसली आणि खणातली पकड काढून दूधवाल्याच्या हातात दिली. "कुंपणाला ही न्या," तो म्हणाला, "आणि उद्या दुधाबरोबर परत आणा."